मोठेपणी आलेली

सरिता पिशवी काही हातातून सोडेना.

"दे गो इकडं, आत खुंटीला लावते," म्हणत गीताबाईंनी दोनदा हात पुढे केला. पोरीने दोन्ही वेळा पिशवी पोटाशी घट्ट धरली आणि ओटीच्या खांबाला टेकून उभी राहिली. गीताबाईंनी सुनेकडे पाहिलं. पावसाळ्यात आणलेली पोर, भात कापून झालं तरी एवढं वळण नाही, हे त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही.

"राहू द्या आई," रश्मी म्हणाली. "नवी जागा आहे ना."

"जागा नवी, मानसं नवी, मग जुनं काय हाय तिच्याकडं? पिशवीच ना!" म्हणत गीताबाई आत गेल्या.

रश्मीच्या सासऱ्यांचे, सोमा रोकड्यांचे वडील भिमा यांच्या पुण्यस्मरणाचा दिवस म्हणजे रोकड्यांच्या घरी वर्षाचं एकत्र येणं. भात झोडून झालेलं असायचं, अंगणापलीकडे पेंढ्याची उडवी उभी राहिलेली असायची, आणि टोकावड्याच्या रस्त्यावर जीपगाडी थांबली की कुणी ना कुणी पाव्हणा उतरायचा. या वर्षी भावकी जरा जास्तच आली होती. गीताबाईंचा धाकटा मुलगा नरेंद्र आणि रश्मी यांनी शहापुरात अकरा वर्षांची पोर आणून ठेवली आहे, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. बघितली कुणी नव्हती. गीताबाईंनीच निरोप धाडला होता, ठाण्याला जायच्या आधी पोर एकदा चार माणसांत आणा, मग काय ते कागद करा.

परवा दत्तकाच्या कागदांसाठी ठाण्याला कलेक्टर कचेरीत जायचं होतं. तिथल्या मॅडम सरिताला एकटीला आत घेऊन विचारणार होत्या, तुला या माणसांकडे राहायचं आहे का? मूल मोठं असलं की त्यालाही विचारतात. तिला जिथून आणलं त्या अनाथ मुलांच्या संस्थेतल्या ताईंनी हे सरिताला आधीच समजावून सांगितलं होतं. तिने मान हलवली होती. ती कशालाही मान हलवायची.

रश्मीने तिच्यासाठी शहापूरच्या बाजारातून पिवळा फ्रॉक आणला होता. सकाळी तो घाल म्हटल्यावर सरिता काही क्षण नुसती बघत राहिली, मग निमूटपणे घालून आली. एसटीत किन्हवली गेलं, सरळगाव गेलं, तोवर तिने एक शब्द काढला नाही. प्रत्येक थांब्याची पाटी मात्र वाचत होती. गाडी लागली असेल, असं रश्मीला वाटलं. तिने पोरीच्या हातात एक लिंबू दिलं. सरिताने ते वासही न घेता मुठीत धरून ठेवलं.

चुलीपाशी रंभाअक्का वाल सोलत बसली होती. नरेंद्रची थोरली बहीण, मुरबाडला दिलेली. तिच्यासमोर बसून रश्मीही वाल सोलू लागली. दोघींच्या मध्ये सालं पडत राहिली.

"फ्रॉक बरा हाय," रंभा म्हणाली. "माझ्या प्रज्वलला कधी कोनी शहापुराहून कापड आनलं नाय."

"अक्का, परत तेच काढू नका."

"मी काढीत नाय गो. ते आपलंआपन निघतं." रंभाने मूठभर वाल टोपात टाकले. "मी माझ्या तोंडानं म्हनलेलं, धाकटा तुमी घ्या. आपल्याच रक्तातला, नरूच्या तोंडावळ्याचा. तर तुमी जाऊन संस्थेच्या दारात उभे राहिलात."

"प्रज्वलला आई आहे. तो तुमच्याकडे सुखात आहे."

"म्हनूनच देत होते ना! आई असलेलं पोर उचलून दुसऱ्याच्या वटीत घालनं, सोपं वाटलं काय तुला?"

मूल हवं म्हणून रश्मीने काय काय सोसलं हे अक्काला ठाऊक होतं. पण अक्काने काय देऊ केलं होतं, याचा असा विचार तिने आजवर केलेला नव्हता. ती खाली बघून सोलत राहिली.

"जाऊ दे," रंभा म्हणाली, पण तिचा आवाज काही खाली आला नाही. "साहेबाची सही होईपर्यंत परत करता येते म्हने. आपला हरेश सांगत होता."

"अक्का, हळू."

"त्यात काय? खरं ते खरं. नाय जमलं तर..."

रश्मीने मान वळवली. दारात सरिता उभी होती. पिशवी काखेत, पिवळ्या फ्रॉकवर प्रवासाची धूळ.

"पाणी पाहिजे," ती म्हणाली.

तिने काय ऐकलं आणि किती ऐकलं, ते चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. रंभाने उठून तांब्या भरून दिला. सरिता उभ्यानेच पाणी प्यायली, तिने तांब्या जागेवर नेऊन ठेवला आणि गेली.

दुपारी वंदना झाली. ओटीवर बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या, बाबासाहेबांच्या तसबिरीला हार चढला, शेजारी भिमाआजोबांचा एकुलता एक फोटो. त्रिशरण-पंचशील म्हणताना सरिताचे ओठ हलत नव्हते, पण हात जोडलेले होते. पंगती उठल्या. भात, वालाचं बिरडं, खीर. भावकीतल्या बायांनी पोरीची हनुवटी धरून बघितली, कितवीला आहेस विचारलं, आणि उन्हं कलायच्या आत आपापल्या घरी गेल्या. ओटीवर उरली घरचीच माणसं. सोमाआबा आरामखुर्चीत, गीताबाई भिंतीला टेकून, रंभा, नरेंद्र, आणि घरची शेती बघणारा त्याचा मोठा भाऊ हरेश.

हरेशचं पोट भरलं होतं आणि मनात वाईट काही नव्हतं. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गो पोरी, परवा मॅडमनी विचारलं तर काय सांगशील?"

"नाय म्हणून सांगणार," सरिता म्हणाली.

"काय नाय?"

"मला यांच्याकडं नाय राहायचं."

रश्मीच्या हातात पाण्याची कळशी होती, ती तिने खाली ठेवली. ठेवताना पाणी सांडलं, ते पुसायचं कुणाला सुचलं नाही.

सगळ्यात आधी तोंड उघडलं गीताबाईंनी. "ऐकलंत का हो? आमी हिला घ्यावी का न घ्यावी म्हनून रात रात झोपलो नाय, आनि ही आमच्या घराला नाय म्हनते!"

"आई, तुम्हालाच ती नको होती ना?" रश्मीच्या तोंडून निघून गेलं.

"मला नको असनं येगळं! म्हनून तिनं नाय म्हनावं काय? काय खोट हाय या घरात?"

"म्हनून मी सांगत होतो," हरेश नरेंद्रकडे वळला. "घ्यायचं तर मांडीवरचं घ्यायचं. वळवू तसं वळतं. अकरा वर्षांची पोर, नरू! तिच्यात सगळं आधीच भरून झालेलं. आता तू काय भरनार?"

बायकोकडे, सरिताकडे, कुणाकडेच न बघता नरेंद्र उठला आणि त्याने खिशातून फोन काढला.

"कोणाला करताय?" रश्मीने विचारलं.

"संस्थेच्या ताईंना. पोरीलाच नको असेल तर... जबरदस्ती करून काय करायचं, रश्मी? परवा साहेबांपुढे शोभा होण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं."

"फोन ठेवा."

"अगं पण..."

"ठेवा म्हणते ना!"

सासू-सासऱ्यांसमोर तिने नवऱ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. नरेंद्रने फोन खिशात टाकला नाही, हातातच धरून उभा राहिला. रश्मीला वाटलं, या ओटीवर आता आपण एकट्याच उरलो. सासू रुसलेली, दीर आधीपासून विरोधात, नणंदेची जुनी जखम. आणि ज्याच्या भरवशावर हे सगळं ओढवून घेतलं, त्याचा अंगठा फोनवर. तरी त्या सगळ्यांपेक्षा पोरीचं 'नाय' तिला जास्त लागलं होतं. इतक्या महिन्यांत सरिताने तिला काही म्हणून हाक मारली नव्हती. आई नाही, काकी नाही. नुसती समोर येऊन उभी राहायची.

"हरेश," सोमाआबा म्हणाले. इतका वेळ ते डोळे मिटून होते, झोपले असतील असंच सगळ्यांना वाटलं होतं. "तुझ्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा तो केवढा होता?"

"आबा, आता त्याचा काय..."

"केवढा होता?"

"असेल चाळिशीचा."

"चाळिशीचा. पोरंबाळं झालेला गडी." आबांनी फोटोकडे नजर टाकली. "त्याच्यात सगळं भरून झालेलं नव्हतं काय? घरातले देव टोपलीत घालून काळू नदीवर घेऊन गेला तो. मी मागं मागं गेलेलो. देव सोडले आनि वाटेनं रडत आला. आपल्या मनानं सोडलेले, कोनाची जबरदस्ती नाय, तरी रडला. पुढं कित्येक वर्षं पायाला ठेच लागली की तोंडातून जुन्याच देवाचं नाव यायचं. मग जीभ चावायचा. गावात कोनी म्हनलं काय, हा भिमा आपला नाय, याला मोठेपनी घेतलाय?"

हरेशनेही फोटोकडे पाहिलं.

"आपन मोठेपनी आलेलीच मानसं हाव रे," आबा म्हणाले. "मोठेपनी येतो तो समजून येतो. म्हनून त्याला जड जातं. ती नाय म्हनते तर का म्हनते, ते कोनी इचारलं काय तिला? हा बघ, फोन घेऊन उभा राहिला."

नरेंद्रची मान खाली गेली.

रश्मी खांबापाशी गेली आणि सरितापुढे जमिनीवर बसली. पोरीची बोटं पिशवीच्या बंदात अडकून पांढरी पडली होती.

"का गं?" तिने विचारलं. "रागावणार नाही. सांग."

सरिताने पिशवी आणखी जवळ ओढली. मग म्हणाली, "तुम्ही मला संध्याकाळी सोडणार ना?"

"कुठे?"

"संस्थेत."

"कोण म्हणालं?"

"फ्रॉक आणलात. पिशवी भरलीत. गाडीत बसवलंत." ती एकेक गोष्ट सावकाश सांगत होती, जणू रश्मीलाच काही कळत नव्हतं. "त्यांनी पण तसंच केलेलं. फिरायला जायचं म्हणाले. नवा फ्रॉक घातला, लाल. पिशवी भरली. रस्त्यात आइस्क्रीम दिलं. मग संस्थेचं गेट आलं. मला वाटलं ताईंना भेटायला आलो. ते आत ऑफिसात गेले आणि दुसऱ्या दाराने निघून गेले. मी पिशवी घेऊन बाकावर बसलेले."

"कोण ते?" गीताबाईंनी विचारलं. "कोनाचं सांगते ही?"

रश्मीने नरेंद्रकडे पाहिलं. सांगणं आता त्याच्यावर होतं, आणि तोही ते ओळखून होता.

"आपल्या आधी एका घरानं नेलं होतं तिला," तो म्हणाला. "काही महिने ठेवलं, नि परत आणून सोडलं. आम्हाला माहीत होतं."

"आनि आमाला नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, दुसऱ्यांनी टाकलेली पोर आणू नका."

"म्हनलेच असते!" गीताबाई ताडकन म्हणाल्या. आणि आपण काय बोललो ते कानावर पडल्यावर त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"म्हणून मी आधी सांगितलं," सरिता म्हणाली. आता ती सगळ्यांकडे बघत होती. "तुम्ही नाय म्हणायच्या आधी मी नाय म्हणते. मग बाकावर बसायला लागत नाय."

रंभा जागची उठली. रश्मीला वाटलं, आता ही आत निघून जाईल. पण रंभा येऊन सरितापुढे उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर.

"मी चुलीपाशी बोलले ते ऐकलंस ना तू?"

सरिताने मान हलवली.

"हां. मी तशीच बोलते. मोठ्यानं बोलते, भांडते, या तुझ्या रश्मीशी तर सकाळधरनं भांडतेय. पन पोराला फिरायला म्हनून नेऊन टाकायचं, असलं काम रोकड्यांच्या घरात कोनी केलं नाय. नाय म्हनायचं तर आमी तोंडावर म्हनतो."

"मग म्हणा," सरिता म्हणाली.

"काय?"

"मी नको असेन तर आत्ता म्हणा. सगळ्यांनी. तोंडावर."

अंगणात कोंबड्या पेंढा उकरत होत्या. एवढ्याशा पोरीने सगळ्या घराला समोर उभं केलं होतं. रश्मीला तिला जवळ ओढून घ्यावंसं वाटलं, पण तिने हात आवरला. हा प्रश्न तिला एकटीला नव्हता. मध्ये पडून तो गोड करून टाकायचा तिला हक्क नव्हता.

"मला खोटं बोलता येत नाय," हरेशने घसा साफ केला. "मी तुला वळखत नाय. सकाळी बघितली, आता दुपार झाली. हो कसं म्हनू? पन वळख नसताना नाय तरी कसं म्हनू? नाय म्हनत नाय मी."

सरिताने गीताबाईंकडे पाहिलं.

"मला राग आलाय," गीताबाई म्हणाल्या. "यांनी माझ्यापासून लपवलं त्याचा. तू पिशवी दिली नाय त्याचा. पन राग आला म्हनजे नको असं नसतं गो. या म्हाताऱ्याचा तर मला लगीन झाल्यापासून राग हाय, टाकला काय मी त्याला?"

आबा खुर्चीत हलले.

रंभाने मोठा श्वास घेतला. "मी माझा पोरगा देत होते यांना. यांनी घेतला नाय, ते माझ्या मनातून जायचं नाय इतक्यात. पन त्यात तुझा काय गुन्हा? तुझ्यावर माझं काय भांडन नाय."

उरला नरेंद्र. तो सरिताच्या समोर येऊन उकिडवा बसला. फोन अजून हातातच होता.

"मी ताईंना फोन करत होतो," तो म्हणाला.

"मला दिसलं."

"तू नाय म्हणालीस ना, मला इतकं लागलं, की म्हटलं आपणच आधी संपवून टाकू." त्याने फोन खिशात टाकला. "तू केलंस तेच मी करत होतो. तू अकरा वर्षांची आहेस. मी केवढा आहे बघ."

सरिता त्याच्याकडे बघत राहिली. तिला हे पटलं की नाही कळेना, पण पिशवीवरची बोटं जराशी सैल झाली.

"पिशवी उघडून पाहिलीस?" रश्मीने विचारलं.

"नाय. भीती वाटली."

"आता बघ."

सरिताने बंद सोडला. वर तिचा घरातला फ्रॉक होता. त्याखाली नरेंद्रचा टॉवेल आणि लुंगी. मग रश्मीचा गाऊन, तिघांचे ब्रश एका रबरात बांधलेले. सरिताने एकेक वस्तू बाहेर काढून ओटीवर ठेवली आणि तळाशी हात घालून काही राहिलं नाही ना, ते चाचपून पाहिलं.

"आज आपण तिघं इथं राहणार आहोत," रश्मी म्हणाली. "उद्या तिघं शहापूरला जाणार. हे मी तुला सकाळीच सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुला माहीतच आहे. आता यापुढे कुठे जायचं झालं तर आधी सांगीन."

"आणि परवा?"

"परवा मॅडमना काय सांगायचं ते तू ठरव. मी विचारणार नाही. नाही म्हणालीस तर मी रडेन, ते सांगून ठेवते. आणि दर रविवारी भेटायला येईन, तू बाहेर आलीस तर आलीस. पण मी तुला परत सोडायला नेणार नाही. ते मी कधीच करणार नाही."

सरिताने सगळे कपडे नीट घडी करून ब्रशांसकट परत पिशवीत भरले. मग उठून पिशवी गीताबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवली. गीताबाईंनी ती उचलली आणि आत नेली.

ठरल्या दिवशी ठाण्याला खरं तर तिघांनीच जायचं होतं. पण सकाळी शहापूरच्या घरापुढे हरेशने मागून आणलेली जीप येऊन उभी राहिली, आणि तीतून आबा, गीताबाई आणि मुरबाडहून उठून आलेली रंभा असे सगळे उतरले. "आमाला काय इचारायचं असलं तर?" एवढंच गीताबाई म्हणाल्या.

कलेक्टर कचेरीतल्या वरच्या मजल्यावर सरिताला आत नेलं आणि दार लागलं. रश्मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नरेंद्र पाण्याची बाटली उघडत होता, लावत होता. वेळ जात होता. संस्थेच्या ताई म्हणाल्या, "मुलं बहुतेक लवकर येतात बाहेर. दोन-चार प्रश्न असतात." मग असं बोलायला नको होतं हे त्यांच्या लक्षात आलं. हरेशने बिडी काढली, पाटी वाचून परत ठेवली. रंभा दोनदा दाराशी जाऊन आली.

रश्मीने मनाशी तयारी करायला घेतली. रविवारी कोणती गाडी, पोरीला काय न्यायचं. तिथवर ती आली आणि तिला पुढचं सुचेना.

दार उघडलं. आधी एक बाई फाइल घेऊन बाहेर आल्या आणि ताईंकडे बघून त्यांनी हसून मान डोलावली. त्यांच्या मागून सरिता. रश्मीने विचारणार नाही म्हटलं होतं, आणि तिने विचारलं नाही. तोंडावर हात दाबून ती तशीच उभी राहिली.

"एवढा वेळ काय गो?" गीताबाईंनी विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, घरात कोण कोण आहे ते सांग," सरिता म्हणाली. "सांगत बसले. सगळे संपेपर्यंत वेळ लागला."

"माझं सांगितलंस काय?" रंभा पुढे सरसावली.

"सांगितलं. आत्या मुरबाडला राहते, पण सारखी इकडंच असते."

"सारखी कुठं असते गो मी! सनावाराला येते." रंभा त्या दाराकडे बघत राहिली. मग तिने जरा खालच्या आवाजात विचारलं, "आनि ते त्यांनी लिवून घेतलं?"

"हो," सरिता म्हणाली. "शाईनं."